प्रवासातील श्रवण

व्यापारी गृहस्थाचा पुष्कळसा दिवस रस्त्यावर जातो. पहाटे निघाल्यावर देरासर वा स्थानक घडत नाही आणि जुन्या गाडीत केवळ रेडिओ असतो. अशा वेळी लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा एफएम ट्रान्समीटर उपयोगी पडतो. मोबाइलमधील स्तवने तो ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधील एखाद्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर प्रक्षेपित करतो व गाडीचा रेडिओ ती ऐकवतो. नवा संच घ्यावा लागत नाही. अपरिग्रहालाही हे धरूनच आहे.

मात्र त्याची शक्ती अल्प असते. शहर जवळ आले की त्याच फ्रिक्वेन्सीवर एखादे बलवान केंद्र लागते, स्तवनात जाहिरात मिसळते आणि चालकाचा हात नकळत बटणाकडे वळतो. धोका तेथेच आहे. जीवहिंसा टळावी म्हणून इर्यासमिती चालताना भूमीवर दृष्टी ठेवावयास सांगते. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. फ्रिक्वेन्सी शेजारी बसलेल्याने बदलावी. चालक एकटा असेल तर त्याने गाडी बाजूला थांबवावी अथवा खरखर सोसावी. दृष्टी रस्त्यावर असेल, तरच कानी पडणारा नवकार सार्थ होतो.