नेमाचे अंतर

शाकुंतलाचा पहिला अंक शिकवताना दरवर्षी आम्ही एकाच ठिकाणी अडखळत असू. दुष्यंताचा रथ हरणामागे धावतो आहे. पाठलाग चालू असूनही हरीण एवढे लांब कसे गेले, असा प्रश्न राजाला पडतो. जमीन उंचसखल होती, लगाम खेचावा लागला, म्हणून अंतर वाढले, असे सारथी सांगतो. पुढे सपाटी लागते, रथ वेग घेतो आणि राजाच्या दृष्टीला जवळचे-दूरचे हा भेदच उरत नाही. विद्यार्थ्यांना त्यातील वेग भावे, कुणाला मान वळवून मागे पाहणारे हरीण. आम्ही मात्र अंतराच्या प्रश्नापाशी थबकत असू. तसाच एक प्रश्न आम्हांस लहानपणी विचारला गेला होता आणि आमचे उत्तर चुकले होते.

आमचे आजोळ सातारा जिल्ह्यात, पाटणच्या खोऱ्यात. गोष्ट १९६४ सालची. तेव्हा परवान्याने शिकार होत असे. आजोबांकडे ३१५ बोअरची रायफल होती आणि ती त्यांनी शंभर पावलांवर जुळवून घेतलेली होती. नेम कसा धरावा यापेक्षा बार केव्हा टाकू नये, याचेच नियम त्यांच्यापाशी अधिक. जनावर चालते असेल तर नाही, झुडपाआड अर्धे असेल तर नाही, अंधारून आल्यावर नाही. हिशेब ते बोटांवर समजावीत. सांबराच्या पुढच्या पायामागे काळीज आणि फुप्फुसे यांची जागा वीतभर. शंभर पावलांवर आपल्या गोळ्या चार बोटांच्या घेरात पडत असतील, तर दोनशेवर तो घेर आठ बोटांचा होतो आणि तीनशेवर बारा बोटांचा, म्हणजे पुरी वीत. शिवाय इतक्या अंतरावर ती गोळी वीतभराहून अधिक खाली उतरते आणि तिला पोचायला अर्ध्या सेकंदाच्या जवळपास वेळ लागतो. तेवढ्यात सांबर एक पाऊल टाकू शकते. वारा आणि आपला श्वास हे आणखी वेगळेच.

त्या संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या उतारावर सांबर उभे होते, आडवे, निश्चल. आजोबांची नजर त्या सुमारास मंदावली होती. ते हळूच म्हणाले, "पोरा, तुझी नजर ताजी. किती असंल रं?" आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, "शंभर, लई तर सव्वाशे पावलं." मधली दरी नजरेआड असली की पलीकडचे जवळ भासते, आणि पाठीमागून ऊन पडले असले की अधिकच जवळ, हे आम्हांस कुठे ठाऊक होते! बार झाला. सांबर मागच्या अंगाने खचले, सावरले आणि रानात शिरले. कंदील घेऊन रात्री उशिरापर्यंत रक्ताचा माग काढला. कातळावर तो तुटला. तिसऱ्या दिवशी दूरवर गिधाडे उतरताना दिसली. दुसऱ्याच सकाळी आजोबांनी आम्हांस बरोबर घेऊन दरीला वळसा घातला आणि अंतराचा पुन्हा अदमास घेतला. ते तीनशे पावलांच्या घरात भरले.

आम्ही रडू लागलो. तेव्हा ते म्हणाले, "चूक तुजी न्हाई. ज्याला दुसऱ्याला इचारावं लागतं, त्यानं बार टाकू नये." त्यानंतर त्यांनी रायफल उचलली नाही.

पुढे महाभारत वाचताना परीक्षिताची कथा आम्हांस निराळीच वाटू लागली. शापाची कथा म्हणून ती सांगितली जाते. पण तिचा आरंभ एका जखमी हरणापासून होतो. बाण लागलेले हरीण निसटते, राजा तहानेने व्याकूळ होऊन त्याच्या मागे भटकतो, मौनात बसलेल्या शमीक ऋषींना विचारतो आणि उत्तर न मिळाल्याने त्यांच्या गळ्यात मेलेला साप टाकतो. दशरथाने तर लक्ष्य पाहिलेच नव्हते. घड्याच्या आवाजावर बाण सोडला. आपल्या हाताची मर्यादा ओलांडून सोडलेला बाण सुटल्यावरही संपत नाही, हे या कवींना ठाऊक होते. दुष्यंत त्यांच्याहून भाग्यवान. तापसांनी वेळीच हाक दिली आणि त्याने चढवलेला बाण उतरवला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची हौसेची शिकारही संपली. ते योग्यच झाले. परंतु अनुज्ञा आणि अधिकार यांतील भेद आम्ही कायद्यापासून शिकलो नाही. त्या सायंकाळी आजोबांपाशी परवाना होता. नव्हता तो अधिकार. आणि ज्याची आम्हांस खात्री नव्हती, ते खात्रीने सांगण्याचा अधिकार आम्हांसही नव्हता. वर्गात एखाद्या कवीविषयी झटकन निर्णय देताना हे पुष्कळदा आठवले, पण दरवेळी वेळेवर आठवले असे म्हणवत नाही.

नोकरीनिमित्त सांगलीस आलो आणि येथलेच झालो. मध्यंतरी नातवाला घेऊन सागरेश्वरला गेलो होतो. उजाड डोंगरावर धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून उभे राहिलेले हे रान १९८५ साली अभयारण्य झाले. वाटेच्या वळणावर सांबराची मादी उभी होती, आडवी, निश्चल. नातवाने कॅमेरा काढला आणि कुजबुजला, "आजोबा, किती लांब असेल?"

"सांगता येत नाही," आम्ही म्हणालो.

त्याला ते उत्तर फारसे रुचले नसावे. मादीने कान हलवले आणि ती सावकाश झाडीत गेली.