चालून आलेले

शेजारच्या आजीबाईंचा बोका गेला. कुंपणापलीकडून त्यांनी सांगितलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, कुठून आणला होता? आजीबाई जरा दुखावल्याच. आणलेला नव्हता म्हणाल्या, 'कोमन आनलोपन'. आपल्या पायांनी आला आणि राहिला. दारात येऊन घरचं झालेल्या मांजराबद्दल डच माणूस असंच बोलतो.

मराठीत मांजर चालून येत नाही. चालून येतं सैन्य, नाहीतर स्थळ. माझ्यासाठी उत्रेख्तचं स्थळ चालून आलं तेव्हा वेंगुर्ल्याचे आमचे नाना म्हणाले होते, "ते येऊन गेले आपल्याकडे, आता तू जा." 1637 साली योहान फान ट्विस्ट विजापूर दरबारी गेला आणि डचांचा वेंगुर्ल्यात जम बसला, गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला. त्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती अजून आहेत. नानांना यातलं सालबिल ठाऊक नव्हतं. वखार मात्र रोजच्या वाटेवरची.

इथे आल्यावर कळलं, डच माणूस नुसता येत नाही. 'क्वाम आनखेलोपन', चालत आला. 'क्वाम आनखेफीत्स्त', सायकलवरून आला. सुरुवातीचं ते 'आन' म्हणजे माझ्या दिशेने. बघणारा कुठे उभा आहे, हेही क्रियापदातच आलं. गंमत पुढेच आहे. 'आनलोपन' हे साधं रूपही चालतं, पण 'आनखेलोपन' म्हटलं की ते भूतकाळी धातुसाधित. माणूस अजून वळणावर असतो आणि व्याकरणात त्याचं चालणं उरकलेलंही असतं.

मला मात्र वळणावर दिसतात ते नानाच. छत्री शर्टाच्या कॉलरला मागे अडकवलेली, हातात पिशवी, पिशवीत गरे. ना पत्र, ना निरोप. आई तांदळाची आणखी एक मूठ वैरायची आणि पुटपुटायची, "आले कडमडत."

कडमडण्यालाही डचमध्ये जोड आहे. एकदा पावसात गाडी रखडली, मी ओलीचिंब ऑफिसात पोचले, तर एक वरिष्ठ सगळ्यांदेखत म्हणाला, अखेर 'आनकाकन' झालं म्हणायचं! हसले सगळे. घरी येऊन शब्दकोश उघडला. 'काकन' म्हणजे हगणं. उशिरा, आरामात उगवणाऱ्या माणसासाठी इथे हे सर्रास म्हणतात, त्यात मनावर घेण्यासारखं काही नाही, असं मला नंतर अनेकांनी समजावलं. मी मनावर घेतलेलं आहे. तो निवृत्त झाला तेव्हा केकही खाल्ला नाही.

सगळ्यात लबाड क्रियापद 'आनवायन'. वाऱ्यावर येणं, म्हणजे न कळवता सहज डोकावणं. ज्या देशात कॉफी प्यायला दोन-दोन आठवडे आधी डायऱ्या जुळवतात, तिथे हा शब्द वापरायची वेळ तरी कोणावर येते? मी इतक्या वर्षांत तो पुस्तकातच जास्त पाहिला. खऱ्या अर्थाने वाऱ्यावर आलेले माझ्या ओळखीत एकटे नाना. आणि ते जायचे कधी, हेही कोणी विचारायचं नाही.

मुलगा याच गावात राहतो, सायकलने दहा मिनिटांवर. येण्याआधी मेसेज करून तारीख विचारतो. मी डायरी उघडते. रविवार कोराच असतो. तरी त्याला त्याच्या पुढचा रविवार कळवते.