हवेतलं पाणी

गेले दोन महिने मी एका यंत्राच्या मागे लागलो आहे. त्याचं नाव डीह्युमिडिफायर. मराठीत काय म्हणावं? 'आर्द्रताशोषक' म्हटलं तर शासकीय परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. माझ्या नातीने त्याचं नाव 'पाणीपित्या' ठेवलं आहे. मला तेच आवडलं, म्हणून इथून पुढे पाणीपित्याच.

आता वडनेर भोलजीच्या माणसाला ही काय अवदसा आठवली, असं तुम्ही म्हणाल. मलकापूर-नांदुऱ्याच्या मधलं आमचं गाव. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. हवा इतकी कोरडी की दोरीवर टाकलेलं धोतर पिळून वळेपर्यंत वाळतं. आमचं सगळं आयुष्य हवेत पाणी घालण्यात गेलं! कूलरचं गवत बदला, टपात बादल्या ओता, खाऱ्या पाण्याने जाळीवर चढलेली पांढरी खपली खरवडा. आणि मी हवेतलं पाणी काढायचं यंत्र शोधतोय हे कळल्यावर शेजारचा माझा एक जुना विद्यार्थी ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "गुरुजी, एक मशीन हवेत पानी टाकते अन् दुसरी काढते. म्हंजे दोन्हीकून लाइटबिलच ना?"

तसं पाहिलं तर खरंच आहे.

कारण असं की माझी लेक रत्नागिरीला असते. जावईबापूंची नोकरी तिकडची, आता घरही तिकडचंच. ही गेल्यापासून (चार वर्षं झाली) दोघांचा एकच धोशा, 'बाबा, आता एकटे राहू नका, इकडे या.' मी दर वेळी काहीतरी कारण काढतो. दिवाळी होऊ द्या, उन्हाळा जाऊ द्या, शेताचा हिशोब होऊ द्या... पंचाहत्तरी उलटल्यावर कारणंही संपत येतात. पण एक कारण खरं होतं, आणि ते लोखंडी पेटीत आहे.

आमच्या हिने अकरा वह्या लिहून ठेवल्या आहेत. दोनशे पानी, रेघांच्या. गावातल्या आणि आसपासच्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण कान असा की वऱ्हाडी उच्चार जसाच्या तसा कागदावर यायचा. मी बी.ए. झालेला मराठीचा मास्तर, माझ्याने ते झालं नसतं. मी शाळेतून आलो की ती पीठाचे हात पुसून लिहायला बसलेली असायची. चेलपार्कची निळी शाई. ती शाई पाण्याला अजिबात दाद देत नाही... म्हणजे लगेच देते! एक थेंब पडला की अक्षर पसरतं. ज्या बायकांनी त्या ओव्या सांगितल्या त्यातली आज एकही हयात नाही. वह्यांची दुसरी प्रत नाही. नातीने मोबाईलवर फोटो काढायला घेतले आहेत, तीन वह्या झाल्या, आठ बाकी. पण फोटो झाले म्हणून मूळ वही बुरशीला द्यायची का?

आणि कोकणातली बुरशी मी पाहिली आहे. मागच्या वर्षी जुलैत पंधरा दिवस राहून आलो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे सातशे-आठशे झाला तरी आम्ही समाधानी. तिथे माझ्या चामडी पट्ट्यावर आठ दिवसांत हिरवट-पांढरी लव आली. शब्दकोशाची पानं पापडासारखी असायची ती पोळीसारखी मऊ झाली. घर जांभ्याचं. जांभा दगड दिसायला रुबाबदार, पण सच्छिद्र, पाणी ओढून धरतो. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर हात गार. शिवाय मला दम्याचा जुना त्रास, रात्री छाती भरायची. सकाळी लेकीच्या चेहऱ्यावर काळजी दिसायची, म्हणून मी खोकला चहाच्या घोटात गिळायचो.

तेव्हा जावईबापूंनी हा पाणीपित्याचा विषय काढला. मी म्हणालो, थांबा, आधी अभ्यास करू. मास्तराची खोड!

पहिली गोष्ट 'टक्के' म्हणजे काय ती. दमटपणाचे ९० टक्के म्हणजे हवेत नव्वद भाग पाणी नव्हे. त्या तापमानाला हवा जेवढं बाष्प धरू शकते त्याच्या नव्वद टक्के. हवा तापली की तिची झोळी मोठी होते. २० अंशाला एका घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम बाष्प मावतं, ३० अंशाला ३०, आणि ४० अंशाला ५१. बुरशी वाढते ती साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर दमटपणा सतत राहिला की. म्हणून घरात ५० ते ६० राखावा असं सांगतात.

हे टक्के आमच्या गावात कोणाला शिकवावे लागत नाहीत, हे मला बोलता बोलता लक्षात आलं. कापूस घेऊन गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यावर कपात, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. सोयाबीनलाही १२ चीच अट. २०२४ च्या खरिपात ती सरकारने १५ पर्यंत सैल केली तेव्हा ओट्यावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. म्हणून त्या विद्यार्थ्याला मी म्हटलं, "अरे, कागद म्हणजे कापसाचाच भाऊ. हवा ओली झाली की तोही ओला होतो." त्याला पटकन समजलं. म्हणाला, "म्हंजे वह्यायची पन ग्रेड उतरते."

ओल्या हवेने कागद फुगतो, ही तक्रार जगाला फार मोठ्या जागी घेऊन गेली आहे बरं का. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात रंगीत छपाईचे रंग जुळेनात, कारण उन्हाळ्यातल्या दमट हवेत कागदाचं माप बदलायचं. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनियरने हवेतला दमटपणा ताब्यात ठेवायची यंत्रणा त्यांना आखून दिली. आजच्या एसीचा जन्म तिथला. माणसाला गार वाटावं म्हणून नव्हे, कागद जागेवर राहावा म्हणून! हे वाचलं त्या रात्री मला वह्यांबद्दल जरा धीर आला.

आता यंत्राकडे वळू. बाजारात तीन जातींचे पाणीपिते दिसतात. एक छोटे, दोन-तीन हजारांत मिळणारे, आवाज न करणारे, फोटोत फार गोंडस. ते दिवसाला पेला-दोन पेले पाणी काढतात. कपाटाला ठीक, कोकणातल्या खोलीला म्हणजे समुद्र चमच्याने उपसणं. दुसरे शोषक चाकाचे, त्यात पाणी धरणारा पदार्थ असतो आणि तो तापवून पुन्हा कोरडा करतात. ते थंड मुलखात चांगले. तिसरे कॉम्प्रेसरचे. फ्रिजसारखी गार नळी, तिच्यावर हवा सोडली की दव जमतं, ते टाकीत पडतं. उन्हाळ्यात पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसंच. कोकण उबदार, म्हणून तिथे हाच घ्यायचा. हे मात्र विक्रेता सांगत नाही, त्याच्याकडे जो असेल तोच तो उत्तम म्हणतो.

मग किती लिटरचा? इथे मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. मला ठरवलेली खोली बारा बाय बारा, उंची दहा फूट. म्हणजे साधारण ४१ घनमीटर हवा. २८ अंशाला ९० टक्के दमट हवेत घनमीटरला साडेचोवीस ग्रॅम बाष्प, ५५ टक्क्यांना पंधरा. फरक साडेनऊ ग्रॅम. गुणिले ४१... ३९० ग्रॅम! मी दोनदा गुणाकार करून पाहिला. अख्ख्या खोलीतलं जास्तीचं पाणी दोन पेल्यांत मावतं. मग लोक वीस लिटरचं यंत्र का घेतात?

उत्तर फटीत आहे. दारंखिडक्यांच्या फटींतून दोन तासांत एकदा जरी खोलीतली हवा बदलली, तरी दिवसात बारा वेळा बाहेरची ओली हवा आत आली. झाले पावणेपाच लिटर. त्यात झोपणाऱ्या माणसाचा श्वास आणि घाम. खोलीत वाळत घातलेले कपडे, त्यांचं एक-दोन लिटर वेगळं. आणि भिंतीत, गादीत, कागदात मुरलेलं पाणी हळूहळू बाहेर येणार ते निराळंच. म्हणजे यंत्राच्या किमतीआधी खिडकीच्या रबरी पट्टीची किंमत विचारायला हवी. मी लेकीला आधी सुतार बोलवायला लावला.

भिंतीचंही तेच. बाहेरून पाणी मुरत असेल तर यंत्र जन्मभर भिंत पीत राहील. पश्चिमेकडून झड येते ती अडवायला झापांचा आडोसा करायचा ही कोकणातली जुनी रीत आहे. लेकीने मागच्या वर्षी 'बरं दिसत नाही' म्हणून तो काढला होता. यंदा पुन्हा घातला. मी काही बोललो नाही.

डब्यावर लिहिलेले लिटर बहुधा ३० अंश आणि ८० टक्के दमटपणाला मोजलेले असतात. खोली कोरडी होत आली की तेच यंत्र जवळजवळ निम्म्यावर येतं. हिशोबाने सात-आठ लिटर लागतात म्हणून दहाचं घेतलं तर पावसाळ्यात ते धापा टाकत राहणार. वीस ते पंचवीस लिटरचं आम्ही पक्कं केलं. वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातं, स्वस्त नाही. वीज साडेतीनशे वॉट धरली तर दहा तासांत साडेतीन युनिट.

त्यापेक्षा एसीच लावा, त्यात 'ड्राय' असतोच, असं जावईबापूंच्या मित्राने सुचवलं. पण जुलैत तिथे मुळात पंचवीस-सव्वीस अंश. एसीने हवा कोरडी होईल, त्याबरोबर म्हातारा गारठेल. पाणीपित्या उलट खोली थोडी गरम करतो. एक लिटर बाष्पाचं पाणी होताना पाऊण युनिटच्या आसपास उष्णता बाहेर पडते, शिवाय यंत्राची स्वतःची वीज. पावसाळ्यात ती ऊब मला चालेल. एप्रिलमध्ये नाही चालणार.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. टाकी भरली की यंत्र आपोआप बंद व्हावं. पाणी न्यायला मागून नळी जोडता यावी, नाहीतर रात्री उठून टाकी ओतावी लागते. ठरवलेल्या टक्क्यांवर थांबणारं बटण हवं. वीज जाऊन आली की पुन्हा आपोआप सुरू व्हावं. कोकणात पावसाळ्यात हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं हेच जाहिरातीत नसतं. आवाज दुकानात चालू करून ऐकावा. टाकीतलं पाणी प्यायचं नाही, फरशी पुसायला चालतं. "ते पानी वडनेरले पाठवा म्हना, कूलरमंदी टाकू," हे अर्थातच ओट्यावरून आलं.

यंत्रापेक्षा जास्त उपयोग झाला तो पाचशे रुपयांच्या दमटमापकाचा. दोन आणवले. एक लेकीकडे त्या खोलीत, एक इथे लोखंडी पेटीवर. आधी आठवडाभर दोन्ही इथेच शेजारी शेजारी ठेवून ते एकच आकडा सांगतात का ते पाहिलं, तीनचा फरक निघाला, तो लिहून ठेवला. आता रोज रात्री नऊला आम्ही फोनवर आकडे सांगतो. पूर्वी 'जेवलात का' याच्यापुढे बोलणं जात नसे. आता नात फोन हिसकावून घेते, "आबा, आज अठ्ठ्याऐंशी!" आणि मी इथला सांगतो. मे महिन्यात इथला आकडा विसाच्या खाली होता, तर तिला वाटलं माझा मापक बिघडला. जुलैत इथेही पंचाहत्तरपर्यंत गेला, कूलरचा वारा अंगाला चिकटायला लागला. आपला वऱ्हाड बाराही महिने कोरडा, हा माझाच समज होता की काय देव जाणे! पेटीत मी वेखंडाच्या कांड्या घालतोच, आजोबांच्या पोथ्यांपासूनची रीत आहे. ती किडीला आवरते. ओलीचं तिला काही करता येत नाही.

यंत्र मागच्या सोमवारी आलं. पहिल्या दिवशी अकरा लिटर पाणी निघालं, दुसऱ्या दिवशी नऊ, परवा सहा. भिंत, गादी आणि कपाट आपलं साठवलेलं सोडतायत. आकडा ८८ वरून ६१ वर आला आहे, अजून ५५ झालेला नाही. लेक म्हणाली, "बाबा, खोली तयार झाली." मी म्हणालो, पावसाळा जाऊ दे. ती काही बोलली नाही, फक्त विचारलं, "वह्या तरी पाठवता का?"

तर असं ठरलं आहे की आधी एकच वही जाईल. अकरावी, शेवटची, जिच्यात निम्मी पानं कोरीच आहेत. जावईबापू गणपतीनंतर नांदुऱ्याला येतायत, त्यांच्या हाती देईन. पोस्टाने नाही. ती त्या खोलीत उघड्या फळीवर महिनाभर राहील आणि लेक दर रविवारी तिचं पहिलं पान बघून मला सांगेल. आजच ती पेटीतून काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालत होतो, तर विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, आदी उनात ठेवा जरासी, मंग बांधा." ऊन नको, शाई उडते. सावलीत, वाऱ्याला ठेवली आहे.