रंगाआधीचा पत्रा

पेठेतल्या कापडदुकानात जुने, चोखंदळ गिऱ्हाईक साडी पसंत पडली तरी लगेच पैसे काढत नाही. पदर हातावर घेऊन ते उंबऱ्याबाहेर येते आणि उन्हात कापड एकवार फिरवून पाहते. दुकानातल्या दिव्याखाली जो रंग डाळिंबी वाटला तो उजेडात विटकरी निघतो. जो निळा वाटला त्यात हिरवट झाक दिसते. मुरलेला व्यापारी या तपासणीचा राग मानीत नाही. उलट तोच म्हणतो, "बाहेर नेऊन बघा." ज्याला आपल्या मालाची खात्री आहे त्याला उन्हाचे भय नसते. रंग पारखण्याची ही साधी रीत सांगलीकडच्या एका जैन कुटुंबाला दूर कॅलिफोर्नियात, एका जुन्या मोटारीला रंग देण्याच्या वेळी उपयोगी पडली. आणि रंगाचा प्रश्न पाहता पाहता व्रताचा प्रश्न होऊन बसला.

ती मोटार साधी नव्हती. अमेरिकेत तिला 'हॉट रॉड' म्हणतात. जुनी गाडी स्वस्तात घ्यायची, चाकांवरचे मडगार्ड आणि अनावश्यक वजन काढून टाकायचे, इंजिनाची ताकद वाढवायची आणि मोहावी वाळवंटातल्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर वेगाची परीक्षा घ्यायची, असा दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांचा छंद होता. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर छंद फोफावला आणि 1948 च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचे मासिकही सुरू झाले. या मंडळींची सर्वांत लाडकी गाडी म्हणजे 1932 ची फोर्ड. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरांचे व्ही-एट इंजिन फोर्डने त्या वर्षी प्रथम दिले. वर्षाच्या शेवटच्या दोनच्या आकड्यावरून तिला 'ड्यूस' हे टोपणनाव पडले.

या कुटुंबातील थोरले बंधू, ज्यांना सारे घर अण्णा म्हणत असे, व्यापारानिमित्त तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. परिग्रह-परिमाण व्रत घेताना त्यांनी वाहनांची मर्यादा दोन ठेवली होती: एक रोजच्या कामाचे आणि दुसरी ही 1932 ची फोर्ड. पुढे ऐपत वाढली, पण मर्यादा वाढली नाही. गाडीच्या आसनांना चामडे लावायचे नाही, जाड सुती कापड पुरे, असा त्यांचा नियम होता. रविवारी पूजा आटोपली की ते गॅरेजमध्ये जात आणि दुपारपर्यंत तिथेच रमत. गाडीचे इंजिन त्यांनी हळूहळू नीट केले. रंगाचे काम मात्र राहून गेले.

अण्णांच्या पश्चात वहिनींनी ठरवले की घराला एक वाहन पुरे. दुसरे व्रताच्या मर्यादेत बसत असले तरी गरजेत बसत नाही. गाडी विकून येणारी रक्कम गावाकडच्या जैन बोर्डिंगमधील मुलांच्या शिक्षणासाठी द्यायची, हेही त्यांनीच सांगितले. व्यवहाराची जबाबदारी धाकट्या बंधूंकडे आली. गाडीवरचा जुना तांबडा रंग ठिकठिकाणी तडकला होता, उन्हाने विटला होता. अशा स्थितीत विकली तर भाव पडणार, म्हणून आधी रंग द्यावा असे ठरले. मग प्रश्न उभा राहिला, रंग कोणता?

वरवर पाहता हा हौसेचा प्रश्न. पण हॉट रॉडच्या जगात रंगाला मोठा इतिहास आहे. फोर्डची आधीची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात केवळ काळ्या रंगात मिळत असे. पुढे लवकर वाळणारी नायट्रोसेल्युलोज लॅकर आली, पूर्वी वाळण्यासाठी लागणारे आठवडे वाचले आणि मोटारींना रंगांचे दालन खुले झाले. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातील जो बेलन यांच्या नावाशी 'कँडी ॲपल रेड' हा रंग जोडला गेला. खाली सोनेरी किंवा रुपेरी चकाकता थर आणि त्यावर पारदर्शक लाल रंगाचे अनेक हात, अशी त्याची घडण. प्रकाश लाल थरातून आत जातो आणि खालच्या धातुकणांवरून परततो, म्हणून रंगाला पाकातल्या फळासारखी खोली येते. मात्र प्रत्येक हाताबरोबर रंग गडद होत जातो. पुढे एखादा भाग खराब झाला तर तेवढाच जुळवून रंगवणे जवळजवळ अशक्य. अण्णांच्या गाडीवर आधीच्या मालकाने दिलेला रंग याच जातीचा होता. डागडुजी होण्यासारखी नव्हती. सारा रंग उतरवणेच भाग होते.

घरात मते पडली. चिरंजीवांना, म्हणजे अण्णांच्या मुलाला, तकतकीत काळा रंग हवा होता. धाकट्या बंधूंना काळा पसंत नव्हता. "कृष्णलेश्येचा रंग घरातून शेवटचा बाहेर जायला नको," असे ते म्हणाले. त्यांच्या मनात मोत्यासारखी झाक असलेला रुपेरी रंग होता. तो कोणालाही आवडतो आणि लवकर विकला जातो.

वहिनी ब्यूना पार्कच्या जैन केंद्रात नियमित स्वाध्यायाला जातात. त्या म्हणाल्या, "भावोजी, लेश्या पत्र्याला नसते. नेमिनाथ भगवानांचा वर्ण श्यामच सांगितलाय ना?" त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. द्रव्यलेश्या शरीराच्या वर्णापुरती असते. भावलेश्या म्हणजे कषायाने रंगलेली मन-वचन-कायेची प्रवृत्ती. फळांनी लगडलेल्या झाडाखाली आलेल्या सहा वाटसरूंचा दृष्टांत पाठशाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. एक जण झाड मुळासकट तोडू म्हणतो, दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा डहाळ्या, चौथा घोस, पाचवा फक्त फळे, आणि सहावा खाली पडलेल्या फळांवर समाधान मानतो. सहाही जणांची भूक एकच. त्यांची लेश्या ठरते ती भूक भागवण्याच्या रीतीवरून.

मोत्याच्या झाकेबद्दलही वहिनींनी एक शंका काढली आणि ती अस्थानी नव्हती. पूर्वी अशी झाक आणण्यासाठी माशांच्या खवल्यांपासून काढलेला चकाकता अर्क वापरीत. जैन घराला तो चालला नसता. रंगकाम करणाऱ्या कारागिराने खुलासा केला की आता ती झाक अभ्रकाच्या कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ लेप देऊन आणतात. त्यात मासा नाही. धाकट्या बंधूंना वाटले, मार्ग मोकळा झाला. खरा अडथळा पुढे होता.

कारागीर वयस्क आणि स्पष्टवक्ता होता. त्याने गाडीच्या पत्र्यावरून एक लहानसे चुंबक फिरवले. दाराच्या तळाशी आणि मागच्या कडेला चुंबक धरेना. तिथे पत्रा गंजून खाल्ला गेला होता आणि आधी कोणीतरी तो तसाच ठेवून वर जाड पुट्टी भरली होती. त्याने दोन वाटा सांगितल्या. पहिली, पुट्टी थोडी घासून सारखी करायची आणि वर फिकट रुपेरी रंग द्यायचा. फिकट, चकाकत्या कणांच्या रंगात पत्र्याचे लहान उंचवटे लपून जातात, डोळ्याला कळत नाहीत. दुसरी, पुट्टी काढायची, गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा, प्रायमर देऊन लांब ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून सारा अंगभाग घासायचा आणि मग कोणताही रंग द्यायचा. गडद, तकतकीत रंग सर्वांत कठोर. त्यात आरशासारखे प्रतिबिंब पडते. पत्रा केसभर वाकडा असला तरी प्रतिबिंबातली सरळ रेष वाकते. दुसऱ्या वाटेचा खर्च पहिलीच्या तिपटीच्या घरात जात होता.

धाकट्या बंधूंनी हिशेब मांडला. पहिल्या वाटेने खर्च कमी, भाव तोच, शिल्लक अधिक. त्यांच्या मनात स्वतःसाठी एक पैसाही नव्हता. "वहिनी, जास्त राहिले तर बोर्डिंगच्या मुलांनाच जाणार आहेत," ते म्हणाले.

वहिनींनी विचारले, "घेणाऱ्याला सांगणार का, खाली काय आहे ते?"

"तो विचारील तर सांगू."

"रंगच असा निवडायचा की त्याला विचारावंसं वाटू नये, आणि मग म्हणायचं विचारील तर सांगू?"

धाकटे बंधू काही बोलले नाहीत. ते व्यापारी घरातले. अचौर्य अणुव्रताचे अतिचार त्यांना पाठ होते. मापात कमी-अधिक करणे जसा अतिचार, तसाच प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे हलका माल चांगल्याच्या रूपात खपवणे, हाही अतिचार. तुपात भेसळ, सोन्यात डाक, ही त्याची उदाहरणे त्यांनी लहानपणापासून ऐकली होती. रंगाची निवड त्या यादीत बसेल असे त्यांच्या मनात कधी आले नव्हते. शिवाय इथे एक सोयीचा आडोसा होता: पैसा दानाला जाणार. पण दान हे मिळकतीचे शुद्धीकरण नव्हे. ज्या मुलांच्या ताटात ती रक्कम अन्न होऊन जायची, त्यांच्या नावावर झाकलेला गंज विकण्याचा अधिकार कोणाला होता?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारागिराला दुसरी वाट सांगितली.

रंगाचा प्रश्न मग निराळ्या प्रकारे सुटला. जुना थर घासताना दाराच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन पोचत नाही, तिथे झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे रंग दिसू लागले. वर विटलेला तांबडा, त्याखाली रुपेरी, त्याखाली करडा प्रायमर आणि अगदी तळाशी गडद निळा. 1932 मध्ये फोर्डच्या कारखान्यातून 'वॉशिंग्टन ब्लू' नावाचा निळा रंग निघत असे. हा त्याच्याशी जुळत होता. चिरंजीवांनी तो पाहिला आणि काळ्याचा आग्रह सोडला. काकांचाही या रंगाला विरोध राहिला नाही.

तरी वहिनींनी लगेच होकार दिला नाही. कारागिराने तीन पट्ट्या रंगवून आणल्या होत्या. त्या सपाट कार्डावर नव्हे, वळणदार पत्र्याच्या तुकड्यांवर रंगवून घ्याव्यात असे त्यांनी सांगितले. कारण साडीचा रंग घडीत निराळा आणि निरीत निराळा दिसतो. ते तुकडे सकाळी उन्हात, दुपारी सावलीत आणि संध्याकाळी दिव्याखाली पाहिले गेले. एक सावलीत काळाच दिसे, एक दिव्याखाली जांभळ्याकडे झुके. तिसरा तिन्ही वेळी निळाच राहिला. तो ठरला.

काम पाच आठवडे चालले. गंजलेला पत्रा कापला गेला, नवा जोडला गेला. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे चिरंजीवांनी काढली: पुट्टीखालचे भोक, कापलेला भाग, जोडाची रेघ, प्रायमर. ती सारी बिलांसह एका फायलीत लावली. गाडी पाहायला आलेल्या गृहस्थांपुढे धाकट्या बंधूंनी गाडीआधी ती फाईल ठेवली. त्यांनी ती बराच वेळ चाळली, मग खिशातून चुंबक काढून दाराच्या तळाशी लावले. चुंबक चिकटले. नंतर ते गाडी घेऊन उन्हात उभे राहिले आणि कडेच्या रेषेतले प्रतिबिंब डोळा बारीक करून पाहू लागले.

सौदा झाला. खर्च वजा जाता हाती आलेली रक्कम धाकट्या बंधूंनी प्रथम मनात धरलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी होती. ती त्याच आठवड्यात बोर्डिंगकडे पाठवली गेली. जमाखर्चाच्या कागदावर धाकट्या बंधूंनी पत्र्याच्या कामाचा खर्च वेगळ्या ओळीत, पूर्ण आकड्यासह लिहिला; तो रंगाच्या खर्चात मिसळला नाही. गाडी नेताना घेणाऱ्यांना फायलीसोबत रंगाच्या मिश्रणाचे प्रमाण लिहिलेले कार्ड आणि उरलेल्या निळ्या रंगाचा लहान डबा दिला गेला. पुढे कधी ओरखडा पडला तर तो जुळवून भरता यावा, एवढ्यासाठी.