बझचा गुन्हा

१९४६ सालच्या ‘द ब्लू डालिया’ या अमेरिकी चित्रपटात नौदलातले तीन सोबती युद्धावरून लॉस एंजेलिसला परततात. त्यांतील बझच्या कवटीत धातूचा पत्रा बसवलेला आहे. कर्कश संगीत कानी पडले की त्याचे भान हरपते. अशातच एका सोबत्याच्या पत्नीचा खून होतो. पहिल्या महायुद्धात स्वतः लढलेले पटकथाकार रेमंड चँडलर यांच्या मूळ कथेत खुनी बझच होता आणि आपले कृत्य त्याला आठवतही नव्हते. नौदलाने हरकत घेतली. दोष हॉटेलातल्या एका म्हाताऱ्या गुप्तहेरावर ढकलला गेला. बझ निर्दोष सुटला, परंतु त्याच्या जखमेची साक्ष मात्र कुणी काढलीच नाही. परतलेल्या सैनिकाला समाज हार घालतो; त्याच्या कपाळाआड अजून चाललेले युद्ध ऐकून घेणे त्याला जड जाते.