उरलेली दोन मिनिटं

गेल्या दिवाळीत भावानं मला एक जड खोकं दिलं. मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची २०१७ साली निघालेली मर्यादित प्रतींची डीलक्स आवृत्ती. तीन एलपी, दहा सीडी, दोन डीव्हीडी, एक कॅसेट आणि १०८ पानांचं पुस्तक. मूळ अल्बम १९८६चा, जेमतेम पंचावन्न मिनिटांचा. बाकी सगळे पाठभेद. तौलनिक साहित्य शिकलेल्या मला भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवली. तिथेही मोजक्या ओळींखाली तळटीपांची रांग असते.

मी आधी कॅसेट उचलली. २६ सप्टेंबर १९८६ची स्टॉकहोमची मैफल, एका चाहत्यानं टेप केलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे बॅंडची बस उलटली आणि बास वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. त्या चाहत्यामुळे त्याची शेवटची रात्र राहिली.

माझ्याकडेही या अल्बमची एक कॅसेट आहे. १९९५ साली, अकरावीत, मैत्रिणीकडून उतरवून घेतलेली. कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते, म्हणून आईची साठ मिनिटांची घेतली. तिच्यावर आईच्या मंडळाची भजनं होती. आईनं एवढंच विचारलं, “सगळी पुसलीस का गं?” दुसऱ्या बाजूला शेवटचं गाणं संपलं की दोनेक मिनिटं फीत उरते. तिथे एकदम टाळ वाजतात आणि आईचा आवाज येतो.

आई मार्चमध्ये गेली. अहिल्याबाईंचा घाट बघायचा होता तिला. आमचं येणं लांबत राहिलं. आता मी एकटीच आले. शेजारच्या दशाश्वमेधावर गर्दी होती, या पायऱ्यांवर सकाळी तुरळक माणसं. चौंडीच्या या लेकीनं १७८० साली विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं. पाडलेलं पुन्हा बांधता येतं. पुसलेली फीत नाही.

भावाचा जुना वॉकमन सोबत आणला होता. कॅसेट शेवटाशी नेऊन ऐकली. इतकी वर्षं त्या दोन मिनिटांना मी प्रक्षिप्त समजत होते. खरं तर तीच मूळ संहिता. प्रक्षिप्त मी घातलं होतं.

पुन्हा मागे फिरवली नाही. फीत जुनी झालीय. पुण्याला पोचल्यावर पहिलं काम, ती उतरवून घ्यायची. या वेळी कोऱ्या जागेवर.