पाइप कुठे काढायचा?

पोर्टेबल एसी घेऊन बोटीवर आलेल्या मालकाचा पहिला प्रश्न टनाचा असतो. एक टन पुरेल का, की दीड घ्यायला हवा होता? बोटीवरची वीज आणि एसी बघणारा मिस्त्री मात्र खोक्यातून आधी तो जाड, घडीचा पाइप काढतो, ताणून बघतो आणि विचारतो, "साहेब, हा कुठे काढायचा?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

मुंबईच्या गेटवेसमोरच्या पाण्यात मूरिंगला बांधलेल्या शिडाच्या बोटींवर हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. तीस फुटी फायबरग्लासच्या बोटीची केबिन म्हणजे जेमतेम वीस घनमीटर हवा. पुढे नाळेकडे त्रिकोणी बिछाना, मध्ये दोन बाकं आणि घडीचं टेबल, एका अंगाला शेगडी आणि सिंक, दुसऱ्या अंगाला संडास. खिडक्या वीतभर उंचीच्या आणि बहुतेक न उघडणाऱ्या. छताला एक-दोन हॅच, मागे जिन्याचं तोंड. घरात पाइप खिडकीतून काढला की विषय संपतो. इथे काढलेली गरम हवा कुठे जाते, तिच्या जागी कुठली हवा आत येते, पाणी कुठे पडतं, या सगळ्यांची उत्तरं हातभर अंतरात मिळवायची असतात.

बहुतेक स्वस्त यंत्रांना एकच पाइप असतो. यंत्र केबिनमधलीच हवा घेतं. तिच्यातली काही गार करून परत केबिनमध्ये सोडतं आणि उरलेली तापलेल्या कंडेन्सरवरून फिरवून पाइपातून बाहेर फेकतं. हे फेकणं तासाला तीनशे घनमीटरच्या घरात जातं. म्हणजे वीस घनमीटरच्या केबिनमधून दर चार मिनिटांनी केबिनभर हवा बाहेर पडते. तेवढीच हवा कुठूनतरी आत यायलाच हवी आणि ती येते: हॅचच्या जुनाट रबरातून, जिन्याच्या फटींतून, मास्टच्या बुडातून आणि हमखास बिल्जमधून. बिल्ज म्हणजे बोटीच्या तळाची पोकळी. गळालेलं खारं पाणी, डिझेलचे थेंब, मागच्या सीझनला सांडलेलं दूध, सगळ्याचा मुक्काम तिथे. एसी लावल्यापासून केबिनला डिझेलचा वास मारतो अशी तक्रार आली, की जाणता मिस्त्री इंजिनाकडे वळण्याआधी यंत्राचे पाइप मोजतो.

वास सोसवेल, पण हिशेब सोसवत नाही. मे महिन्यातली मुंबई धरू. बाहेर ३३ अंश तापमान, ६५ टक्के आर्द्रता, आत हवेत २६ अंश. तासाला तीनशे घनमीटर बाहेरची हवा तेवढी गार करायची आणि तिच्यातला जादा ओलावा काढायचा, तर सुमारे तीन किलोवॉट थंडावा खर्ची पडतो. एक टनाचं यंत्र देतं साडेतीन. उरलेल्या अर्ध्या किलोवॉटात ऊन, माणसं, फ्रिज, चहाची शेगडी सगळं निभवायचं, आणि ते निभत नाही. गळक्या होडीत बसून पाणी उपसता उपसता तळाला नवं भोक पाडावं, तसला हा प्रकार. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१६ साली पोर्टेबल एसीच्या मोजणीची नवी पद्धत ठरवली, तिच्यात ही आत शिरणारी हवा धरली गेली. जुन्या मापाने १४,००० बीटीयूचं (टनासारखंच हेही थंडाव्याचं एकक) म्हणून विकलं जाणारं एकपाइपी यंत्र या मापाने आठ-दहा हजारांवर येतं. मालकाने दीड टनाचं आणलं तर ते हवाही जास्त फेकतं आणि तेवढी जास्त आत ओढतं.

म्हणून मिस्त्री दुसरा पाइप जोडतो. यंत्राच्या पाठीमागे कंडेन्सरची हवा ओढणारी जाळी असते, तिच्यावर पत्र्याची किंवा प्लास्टिकची उथळ पेटी बसवायची आणि तिला स्वतंत्र पाइप लावून बाहेरची हवा द्यायची. आता कंडेन्सरची हवा बाहेरून येते, बाहेरच जाते आणि केबिनमधली गार हवा केबिनमध्येच फिरते. सगळ्या यंत्रांना हे जमत नाही. काहींत दोन्ही कामांची हवा एकाच जाळीतून आत जाते. अशा यंत्रावर पेटी ठोकण्यात वेळ घालवू नये. नवं घ्यायचं असेल तर कारखान्यातूनच दोन पाइपांचं घ्यावं.

खरं कसब दिसतं ते फळीत. बोटीच्या जिन्याच्या तोंडाला घरासारखं दार नसतं. दोन्ही बाजूंच्या खाचांतून वरून खाली सरकवायच्या फळ्या असतात, त्यांना वॉशबोर्ड म्हणतात. मूळ फळीला हात लावायचा नाही, तिच्या मापाची वेगळी फळी करायची. खाचा वर रुंद आणि खाली निमुळत्या असतात, शिवाय डाव्या-उजव्या बाजूचे कोन क्वचितच सारखे असतात. टेपने घेतलेलं माप त्यामुळे फसतं. आधी पुठ्ठा कापून खाचेत सरकवायचा, अडतो तिथे ब्लेडने तासायचा आणि बसला की त्यावरून मरीन प्लायवर पेन्सिल फिरवायची. जिगसॉ रेषेच्या बाहेरून चालवायची, रेषेपर्यंत येण्याचं काम पॉलिश पेपरचं. मग सहा इंचांची दोन भोकं. त्यांच्या कडांना आणि फळीच्या चारही कडांना इपॉक्सीचे दोन हात, कारण प्लाय पाणी पितो तो कडेने. तसंच ठेवलं तर पहिल्याच पावसात फळी फुगते आणि खाचेत अशी अडकते की मालकाला स्वतःच्या बोटीत शिरायला हातोडी लागते. खाचेला लागणाऱ्या बाजूंवर फोमची पट्टी चिकटवायची. तपासणी उदबत्तीने करायची: यंत्र चालू करून पेटती उदबत्ती कडेकडेने फिरवली की धूर कुठे आत ओढला जातोय ते लगेच दिसतं.

दोन भोकांत अंतर ठेवायचं, एकाचं तोंड वर आणि दुसऱ्याचं खाली करायचं, हे सांगणं सोपं आहे. मूरिंगवरची बोट मात्र फिरते. वारा जोरात असला की नाळ वाऱ्याकडे राहते आणि मागून निघालेली गरम हवा मागेच जाते. पण मुंबई बंदरात भरती-ओहोटीचा जोर दांडगा. पाणी फिरलं आणि वाऱ्याहून ओढ जास्त झाली की बोट वळते आणि वारा मागून येतो. मग बाहेर टाकलेली हवा सरळ दुसऱ्या भोकात. संध्याकाळी झकास चाललेलं यंत्र रात्री अचानक कण्हायला लागतं, मालक गॅस संपला म्हणतो, आणि सहा तासांनी ते आपोआप सुधारतं. गरम हवेच्या तोंडाला फिरवता येणारं कोपर बसवलं तर हा तिढा सुटतो.

यंत्र लावण्याआधी ऊन अडवावं, हे मालकांना सांगितलेलं आवडत नाही. पैसे यंत्रावर खर्च झालेले असतात आणि ताडपत्रीत मिरवण्यासारखं काही नाही. तरी भर दुपारी दर चौरस मीटरवर एक किलोवॉटच्या आसपास ऊन पडतं. शिडाच्या आडव्या दांड्यावरून पांढरं कापड तंबूसारखं ताणून डेकपासून हातभर वर ठेवलं, मधून वारा खेळता राहिला, की डेकला हात लावता येतो. हॅचच्या पारदर्शक झाकणांवरचं कापड बाहेरून लावायचं. आतून लावलेल्या पडद्यापर्यंत पोचलेली उष्णता केबिनमध्ये आलेलीच असते.

टन हे मापही मुळात बर्फाचं. एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ओढायची ताकद म्हणजे एक टन. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने 'टस्कनी' जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून, आणि तरी शंभरेक टन शिल्लक उतरला. पुढे मुंबईतही तो अमेरिकन बर्फ येऊ लागला. जहाजात यंत्र नव्हतं, होता तो लाकडाचा भुसा आणि घट्ट बंद केलेलं कोठार. वीस घनमीटरच्या केबिनमध्येही पुढच्या बिछान्यापुरता जाड पडदा लावून तेवढीच जागा गार करणं हा मोठ्या यंत्राहून शहाणपणाचा मार्ग आहे. गार हवा खाली बसते आणि बिछाने खालीच असतात. एक छोटा बारा व्होल्टचा पंखा तिला नाळेपर्यंत ढकलतो.

आता पाणी. एकपाइपी यंत्राच्या वरच्या हिशेबात केबिनमध्ये शिरणाऱ्या हवेतून तासाला तीन लिटर पाणी निघतं. दोन पाइपांनी आणि बंद फटींनी ते बरंच घटतं, पण संपत नाही, कारण माणसं श्वास घेतात आणि बिल्ज ओली असते. यंत्रं हे पाणी गरम कंडेन्सरवर उडवून वाफेच्या रूपात पाइपातून घालवायचा प्रयत्न करतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत तो अपुरा पडतो. टाकी भरते, लाल दिवा लागतो, यंत्र थांबतं, आणि हे नेहमी पहाटे गाढ झोपेच्या वेळी. शेजारून मांडव्याची लाँच गेली तर तिच्या लाटेने टाकीतलं पाणी हिंदकळून फळ्यांवर सांडतं. यंत्र पंचवीस-तीस किलोचं, चाकांवर उभं, म्हणून मिस्त्री ते पट्ट्याने खांबाला आवळतो. पाण्याची नळी बिल्जमध्ये सोडण्याचा मोह टाळावा. बिल्ज कायम ओली राहते, बुरशी धरते आणि पंप रात्रभर बॅटरी खात बसतो. नळी सिंकच्या निचऱ्यात किंवा सरळ कॅनमध्ये सोडावी. शिडं वर चढली की यंत्र बंद. आडव्या होणाऱ्या बोटीत कंप्रेसर चालवायचा नसतो.

वीज हा सगळ्यांत रुक्ष आणि सगळ्यांत जीवघेणा भाग. दुबईच्या मरिनात किंवा फ्लोरिडात बोट धक्क्याला लागते आणि खांबावरून वीज मिळते. तिथे डोकेदुखी वेगळी, तासन्‌तास जास्त भार वाहून काळे पडलेले प्लग. मूरिंगवर खांबच नाही. एक टनाचं यंत्र सव्वा किलोवॉटच्या आसपास खेचतं. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-अवरची साधी बॅटरी अर्धीच वापरायची म्हटली, तर अर्ध्या तासाच्या आत गाशा गुंडाळते. लिथियम बॅटरीवरची लहान यंत्रं आता मिळतात, ईकोफ्लोचं वेव्ह २ हे ५,१०० बीटीयूचं, पण ती एका बिछान्यापुरती. बाकीचे मालक डेकवर पेट्रोलचा छोटा जनरेटर ठेवतात आणि इथे मिस्त्रीचा आवाज चढतो.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २००० साली अमेरिकेतल्या लेक पॉवेल जलाशयात हाउसबोटीच्या मागच्या फळीखाली साठलेल्या जनरेटरच्या धुराने दोन लहान भावांचा जीव गेला. त्यानंतर तिथल्या सरकारी तज्ज्ञांनी हाउसबोटींची तपासणी केली आणि धूर उंच नळीने वर सोडण्याची शिफारस झाली. ते भाऊ केबिनबाहेर, पाण्यात होते. बंद केबिनमध्ये हवा ओढणारं एकपाइपी यंत्र चालू असताना डेकवर जनरेटर ठेवणं म्हणजे धुराला आत येण्याची वाट करून देणं. धुराचा अलार्म वेगळा आणि मोनॉक्साइडचा वेगळा. दुसरा नसेल तर मिस्त्री काम अर्धवट सोडून खाली उतरतो.

यंत्राच्या पाठीवरचं लेबलही वाचावं. युरोपात विकल्या जाणाऱ्या पोर्टेबल यंत्रांत आर-२९० म्हणजे प्रोपेन भरण्याचा प्रघात आहे. भारतात गोदरेजने भिंतीवरच्या एसीत हा वायू गेली अनेक वर्षं वापरला आहे आणि पर्यावरणाच्या दृष्टीने तो चांगलाच. पण प्रोपेन पेट घेतो आणि हवेपेक्षा दीडपट जड असतो. गळला तर बोटीत तो बिल्जमध्ये जाऊन बसतो, जिथे पंपाचा स्विच असतो. लेबलवर खोलीचं किमान क्षेत्रफळ छापलेलं असतं, कधी दहा चौरस मीटर, कधी त्याहून जास्त. तीस फुटी बोटीच्या केबिनची मोकळी जमीन त्याच्या निम्मीही भरत नाही.

एवढ्या कटकटींपेक्षा समुद्राच्या पाण्यावर चालणारा बोटीचा एसी बरा नाही का? थंडाव्यात बराच बरा. पण त्याला तळाला भोक लागतं, पंप लागतो, आणि मुंबईच्या पाण्यात त्याच्या गाळणीत प्लास्टिकच्या पिशव्या येतात, नळीत बार्नॅकल धरतात. शिवाय इथल्या लहान बोटी पावसाळ्यात पाण्याबाहेर निघतात. पोर्टेबल यंत्र तेव्हा घरी नेता येतं. नेण्याआधी ते दोन-तीन तास नुसत्या पंख्यावर चालवून आतली कॉइल कोरडी करायची आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांवर बसलेलं मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढायचं. नाहीतर दिवाळीनंतर पाती हाताला पिठासारखी लागतात.

बिल देताना मालक यंत्राच्या किमतीवर कुरकुरत नाही.

"मिस्त्री, एका फळीचे एवढे?"

"फळीचे नाहीत साहेब, भोकांचे," मिस्त्री म्हणतो आणि पुठ्ठ्याचा नमुना गुंडाळून पिशवीत टाकतो. त्याच बनावटीची बोट पुढच्या मूरिंगवर आहे, पण तिच्या खाचा वेगळ्याच निघणार, हे त्याला ठाऊक असतं.